अर्ध्या वाटेवरचे घर

वॉशिंग्टन शहराच्या वायव्य भागात एस स्ट्रीटवर १४६१ क्रमांकाचे एक घर आहे. ते कोणाचे तरी राहते घर असल्यामुळे समोरच्या पदपथावर उभे राहूनच पाहावे लागते, आणि खरे सांगायचे तर पाहण्यासारखे त्यात फारसे काही नाही. एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या घरांच्या रांगेतले ते एक. शंभर वर्षांपूर्वी मात्र शनिवारी रात्री या घराच्या दिवाणखान्यातले दिवे उशिरापर्यंत मालवत नसत. जॉर्जिया डग्लस जॉन्सन ही कृष्णवर्णीय कवयित्री तिथे राहत होती, आणि शहरातले किंवा शहरातून येऊन-जाऊन असलेले कृष्णवर्णीय लेखक तिच्याकडे जमत. झोरा नील हर्स्टन, जीन टूमर, ॲलन लॉक, अँजेलिना वेल्ड ग्रिम्के अशी ती मंडळी. लँग्स्टन ह्यूज तेव्हा विशीतला होता. आधी एका लाँड्रीत ओल्या कपड्यांचे ढीग उपसत होता आणि नंतर एका हॉटेलात टेबलांवरची उष्टी भांडी उचलत होता. पुढे १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने या शनिवारांची आठवण लिहिली आहे, ती अगदी साध्या शब्दांत: जॉन्सनबाईंचा केक खायचा, त्यांची वाइन प्यायची आणि कविता-नाटकांविषयी बोलत बसायचे.

या आठवणीतली गंमत अशी, की वॉशिंग्टनमध्ये १९१७ पासूनच दारूबंदी होती आणि १९२० पासून ती साऱ्या देशात लागू झाली. कायद्यात एक फट मात्र होती. घरच्या वापरासाठी फळांचा रस करून ठेवायला मुभा होती, आणि रस ठेवला की त्याचे पुढे काय होते हे सांगायला कोणी शास्त्रज्ञ लागत नाही. त्या काळात कॅलिफोर्नियातील द्राक्षबागायतदारांची चांदी झाली. सुकवलेल्या द्राक्षरसाच्या विटा विकल्या जात आणि त्यांच्यावर सूचना असे, की हा रस पाण्यात कालवून अमुक इतके दिवस ठेवू नये, नाहीतर त्याची वाइन होईल. मी निफाड तालुक्यातील द्राक्षबागायतदाराची मुलगी असल्यामुळे ही सूचना वाचून मला जे हसू आले, ते शहरी माणसाला कदाचित येणार नाही.

आमच्या घरी द्राक्षे पिकत, पण वाइन हा शब्द उच्चारला जात नसे. वडील माळकरी. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, भुरी, डावण्या, गंधकाची पोती, थॉम्पसनचे घड परदेशी जाताना खोक्यांत घालायचे कागद, एवढेच आमचे द्राक्षांचे जग. बाटलीत जे जाते ती दारू, आणि दारू म्हणजे घराचा नाश, असा सरळ हिशेब होता. त्यामुळे वयाच्या चाळिशीनंतर मेरीलँडमधील हायट्सव्हिल गावात एका तळघरात बसून मी वाइनचा पेला हाती धरला, तेव्हा पहिला घोट घेण्याआधी गळ्यात नसलेल्या माळेला हात गेला होता.

ते तळघर एका कृष्णवर्णीय चित्रकर्तीचे आहे. ती लाकडी ठशांवरून चित्रे छापते. वय साठीच्या पुढचे. सारेजण तिच्या नावाआधी ‘मिस’ लावूनच तिला हाक मारतात, अगदी तिच्याच वयाचा ट्रम्पेटवादकसुद्धा. मी पुस्तकांची मांडणी करते. तिच्या चित्रांच्या एका पुस्तकाचे काम माझ्याकडे आले, छपाईत काळ्या शाईच्या छटा नीट उतराव्यात म्हणून मी तीन वेळा नमुने परत पाठवले, आणि त्या हट्टापायी आमची ओळख वाढली. महिन्यातून एका शनिवारी तिच्याकडे दहा-बारा जण जमतात. एक नाटककार आहे, जो शाळेत शिकवतो. एक छायाचित्रकार बाई आहे. टपाल खात्यात नोकरी करणारा एक तरुण कवी आहे. बहुतेक वेळा त्या खोलीत कृष्णवर्णीय नसलेली मी एकटीच असते.

रीत ठरलेली आहे. प्रत्येकाने एक बाटली आणायची आणि एक अपुरे काम आणायचे. पूर्ण झालेले, छापून आलेले, बक्षीस मिळालेले काही आणले तर कोणी ऐकून घेत नाही. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची, म्हणजे ती चाळीस डॉलरची आहे की नऊ डॉलरची हे कळत नाही. पेले भरल्यावर वास कशासारखा येतो ते सांगायचे, पण त्यासाठी पुस्तकी शब्द वापरायचे नाहीत. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. वाइनच्या वासांचे जे प्रसिद्ध चक्र १९८०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील ॲन नोबल यांनी तयार केले, ते अतिशय उपयुक्त आहे, पण त्या परंपरेतले शब्द शेवटी युरोप-अमेरिकेच्या फडताळातूनच आलेले असतात. ज्याने ब्लॅककरंट कधी खाल्लेलेच नाही, त्याला वाइनमध्ये ब्लॅककरंट सापडत नाही म्हणून त्याचे नाक अडाणी ठरत नाही. या तळघरात कोणाला जॉर्जिया राज्यातली लाल माती पावसात भिजल्यावर येणारा वास येतो, कोणाला डबाबंद पीचचा पाक आठवतो, कोणाला आजीच्या चर्चमधले पॉलिश केलेले बाक. पहिल्या दिवशी मी भीतभीत म्हणाले की मला ओले गोणपाट आणि गंधक आठवते. कोणी हसले नाही. उलट गंधक द्राक्षांवर का मारतात हे मला पंधरा मिनिटे समजावून सांगावे लागले.

वाइनभोवती जमण्याची कल्पना मला सुरुवातीला थोडी दिखाऊ वाटली होती, हे कबूल करते. कॉफीवर का नाही, जेवणावर का नाही? त्याचे उत्तर यजमानीणबाईंनी एकदा भिंतीवरच्या आपल्या एका चित्राकडे बोट दाखवून दिले. चित्रात द्राक्षवेली आहेत आणि वेलींच्या तळाशी मुळांऐवजी पावले आहेत. दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांतात सतराव्या शतकापासून द्राक्षबागा उभ्या राहिल्या, त्या गुलामांच्या श्रमावर. ते गुलाम मादागास्कर, मोझांबिक आणि इंडोनेशियातून आणलेले होते, आणि भारतातूनही. तिथल्या जुन्या कागदपत्रांत माणसांच्या नावांपुढे ‘बंगालचा’, ‘मलबारचा’, ‘कोरोमंडलचा’ अशी गावठाणे लागलेली दिसतात. तिथे १८३४ साली गुलामी कायद्याने संपली, पण बागांतल्या मजुरीचा काही भाग हलक्या वाइनच्या रूपाने देण्याची चाल टिकली. तिला ‘डॉप’ म्हणत. दिवसातून ठरलेल्या वेळी टमरेलात वाइन मिळायची, आणि मजूर बागेशी व्यसनाने बांधला जायचा. विसाव्या शतकात कायद्याने बंदी आल्यानंतरही ही चाल बराच काळ रेंगाळली. जन्मतःच मद्याचे परिणाम घेऊन येणाऱ्या बालकांचे प्रमाण त्या प्रदेशात आजही जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे.

त्याच देशात क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या खेड्यात वाढलेली न्त्सिकी बियेला १९९९ साली शिष्यवृत्तीवर स्टेलेनबॉश विद्यापीठात वाइननिर्मिती शिकायला गेली, तेव्हा तिने वाइनची चवही घेतलेली नव्हती. वाइन तयार करणारी ती त्या देशातली पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. २००९ साली तिला वर्षातील सर्वोत्कृष्ट स्त्री वाइनकाराचा मान मिळाला, आणि पुढे तिने स्वतःची वाइन काढली, तिला नाव दिले आजीचे: अस्लिना. ही बाटली आमच्या तळघरात आली की तिच्यावर वर्तमानपत्र गुंडाळत नाहीत. नियमाला एवढा एकच अपवाद आहे.

अमेरिकेतली कहाणी वेगळी, पण फार वेगळी नाही. व्हर्जिनियातील क्लार्क्सव्हिल येथे जॉन जून लुइस यांनी १९४० साली वाइनरी सुरू केली, ती या देशातली कृष्णवर्णीय मालकीची पहिली मानली जाते. कॅलिफोर्नियात काही कृष्णवर्णीय वाइनकारांनी २००२ साली आपली संघटना बांधली. तरी पेला हाती घेऊन बसलेल्या कृष्णवर्णीय माणसाकडे पाहुण्यासारखे पाहणे संपले नव्हते. ताहिरा हबीबी ही वाइनतज्ज्ञ एका नामांकित परीक्षेला गेली, तर तिथे परीक्षकांना ‘मास्टर’ म्हणून संबोधावे असा दंडक होता. ती ते सोडून निघून आली. २०२० साली तिने ही गोष्ट जाहीरपणे सांगितल्यावर त्या संस्थेने तो दंडक काढून टाकला. आपल्याकडे हाच शब्द ‘मास्तर’ होऊन खडूच्या धुळीत माखून आला, त्याला धाक असला तरी माया चिकटली. इथे मात्र तो शब्द तीन-चार पिढ्यांपूर्वीपर्यंत माणूस विकत घेणाऱ्याचा होता. वाइनचा पेला पुढे करताना तोच शब्द तोंडी आणायला सांगणे म्हणजे काय, हे त्या दंडकाच्या कर्त्यांना कधी सुचलेच नसावे.

आणि हसण्याचे काय? २०१५च्या ऑगस्टमध्ये नापा खोऱ्यातील वाइन ट्रेनमधून एका वाचनमंडळाच्या अकरा स्त्रियांना सेंट हेलेना येथे खाली उतरवण्यात आले. त्यांतल्या दहा कृष्णवर्णीय होत्या आणि एक तर त्र्याऐंशी वर्षांची आजी होती. गुन्हा असा, की त्या मोठ्याने हसत-बोलत होत्या. फलाटावर पोलीस उभे होते. कंपनीने पुढे माफी मागितली, खटला झाला आणि २०१६ साली तो तडजोडीने मिटला. आमच्या छायाचित्रकार बाईंनी ही हकिगत मला सांगितली, तेव्हा त्या स्वतःच इतक्या मोठ्याने हसल्या की टेबलावरचे पेले किणकिणले, मग म्हणाल्या, “बघ, इथे मी डबा सोडून उतरणार नाही.” त्या दिवसापासून वाइनच का, हा प्रश्न मी विचारला नाही.

अशी घरे टिकतात कशाने, हा प्रश्न मात्र माझ्या मनात घोळत राहिला, आणि त्याचे निम्मे उत्तर मला न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत मिळाले. केसांच्या प्रसाधनांवर मोठी संपत्ती उभी करणाऱ्या मॅडम सी. जे. वॉकर यांची मुलगी अलिलिया वॉकर हिने १९२७ साली न्यूयॉर्कमधील १३६व्या रस्त्यावरच्या आपल्या आलिशान घरात कवी-कलावंतांसाठी एक जागा उघडली. ‘डार्क टॉवर’ तिचे नाव. भिंतींवर काउंटी कलन आणि लँग्स्टन ह्यूज यांच्या कविता सुबक अक्षरांत रंगवून घेतल्या होत्या. पण ज्यांच्यासाठी जागा उघडली, त्या फाटक्या खिशाच्या लेखकांना तिथले दर परवडत नव्हते. टोपी-कोट ठेवायलासुद्धा पैसे मोजावे लागत. ज्याची कविता भिंतीवर, त्यालाच आत शिरताना खिसा चाचपावा लागावा, असा तो प्रकार. वर्षभरात ती जागा बंद झाली. आज तिथे काउंटी कलनच्याच नावाचे सार्वजनिक ग्रंथालय आहे, जिथे आत जायला पैसे लागत नाहीत, हा काळाने उगवलेला सूड म्हणायचा.

जॉर्जिया डग्लस जॉन्सनकडे असली संपत्ती कधीच नव्हती. नवऱ्याला तिचे लिहिणे फारसे पसंत नव्हते. १९२५ साली तो वारला आणि दोन मुलांचे शिक्षण तिच्या एकटीवर आले. ती सरकारी मजूर खात्यात नोकरी करत होती; लिहायला वेळ उरत नाही ही तिची कायमची तक्रार होती. कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारण्याच्या प्रकारांवर तिने नाटके लिहिली, त्यांतली बहुतेक तिच्या हयातीत रंगमंचावर आलीच नाहीत. तरीही केक भाजला जात होता, वाइन ओतली जात होती आणि शनिवार चुकत नव्हता. आपल्या घराला ती ‘हाफ-वे हाउस’ म्हणत असे, अर्ध्या वाटेवरचे घर. १९६६ साली ती गेल्यावर घर रिकामे करताना तिचे बरेच कागद कचऱ्यात गेले. तिच्या दिवाणखान्यात बसून इतरांनी जे लिहिले ते मात्र ग्रंथालयांत आहे. यजमानिणीचे काम इतिहासाच्या नजरेत किती हलके असते, याचा याहून बोलका पुरावा मला माहीत नाही.

आता त्या मोकळ्या बोलण्याविषयी, कारण सारे बाटल्यांवरच भागत नाही. एका शनिवारी नाटककाराने आपल्या नव्या नाटकातला प्रवेश वाचला. आई आणि तुरुंगातून सुटून आलेला मुलगा, स्वयंपाकघर, रात्र. मला तो प्रवेश उत्तम वाटला, डोळे पाणावले. वाचन संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ट्रम्पेटवादक पेल्यातली वाइन हलवत म्हणाला, “ही बाई हे सगळे कोणाला सांगते आहे? मुलाला तर हे माहीतच आहे.” मला आधी प्रश्न कळला नाही. मग उलगडत गेले. आई आपल्या मुलाला त्यांच्याच गल्लीची, त्यांच्याच पोलिसांची, त्यांच्याच गरिबीची माहिती देत होती, आणि ती माहिती खरे तर तिसऱ्या रांगेत बसलेल्या गोऱ्या प्रेक्षकासाठी होती. माझे डोळे पाणावले होते, ते त्यामुळेच: तो प्रवेश माझ्यासारख्यांसाठी लिहिला होता. नाटककार चिडला. म्हणाला, की नाटक लागायचे तर तिकीट काढणारा माणूस लागतो, आणि तिकिटे कोण काढते हे सर्वांना ठाऊक आहे. शब्दाला शब्द वाढला. तो ताडकन उठून मागच्या अंगणात गेला आणि थंडीत वीस मिनिटे उभा राहिला.

हे बोलणे बाहेर, चर्चासत्रात, झाले नसते. तिथे ट्रम्पेटवादकाने मित्राच्या नाटकाची बाजूच घेतली असती, कारण तिथे आपल्या माणसाच्या नाटकातले वैगुण्य हे साऱ्या समाजाचे वैगुण्य म्हणून मोजले जाते. बाहेर प्रत्येकाला आपल्या लोकांचा वकील व्हावे लागते, आणि वकिलाला अशिलाच्या चुका बोलता येत नाहीत. १९२६ साली वॉलेस थर्मन, ह्यूज, हर्स्टन या तरुणांनी मिळून ‘फायर’ नावाचे नियतकालिक काढले, तेही याच तगमगीतून. वडीलधाऱ्यांना हवे असलेले नीटनेटके चित्र आम्ही काढणार नाही, असे त्यांना म्हणायचे होते. त्याचा एकच अंक निघाला, कर्ज झाले, आणि उरलेल्या प्रतींपैकी शेकडो प्रती खरोखरच आगीत जळाल्या. पुढे पन्नास वर्षांनी, १९७७ साली, ब्रुकलिनमध्ये जून जॉर्डनच्या घरी टोनी मॉरिसन, ॲलिस वॉकर, एन्टोझाकी शांगे आणि इतर कृष्णवर्णीय लेखिका जमू लागल्या. त्यांनी स्वतःला ‘सिस्टरहूड’ म्हटले. पहिल्या वर्षातल्या एका छायाचित्रात त्या बेसी स्मिथ या गायिकेच्या चित्राखाली दाटीवाटीने बसल्या आहेत. मला सर्वांत आवडते ते हे, की त्या आपल्या बैठकांचे रीतसर इतिवृत्त ठेवत. कोण आले, काय ठरले, कोणत्या मासिकाला जाब विचारायचा. दोन वर्षांत त्या बैठका थांबल्या. पण त्या दोन वर्षांतली कागदाची शिस्त पाहिली, की जॉन्सनबाईंच्या कचऱ्यात गेलेल्या कागदांवर कोणीतरी दिलेले ते उत्तर वाटते.

नाटककार परत आला. त्याने आणलेली बाटली अजून फोडायची होती, एवढेच कारण त्याने दिले. वर्तमानपत्र सोडले, बूच काढले, सर्वांच्या पेल्यांत सारखी ओतली; ट्रम्पेटवादकाच्या पेल्यात शेवटी आणि जरा जास्त. वाइनचा या बैठकीतला खरा उपयोग मला त्या रात्री समजला असे वाटते. उघडायची राहिलेली बाटली माणसाला अंगणातून परत आणते. चहाचा कप तेवढा वेळ थांबत नाही.

माझी पाळी यायला वर्ष लागले. तोवर मी ऐकत होते, आणि ऐकणाऱ्याला लोक फार चांगला समजतात. एका शनिवारी बोलण्याच्या ओघात मी मुंबईतल्या दलित पँथरविषयी सांगितले. १९७२ साली काही तरुण दलित लेखकांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर संघटनेवरून आपल्या संघटनेचे नाव ठेवले, नामदेव ढसाळांसारखा कवी त्यांत होता, आणि जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी इथले कृष्णवर्णीय साहित्य मराठीत पोचवले होते, वगैरे. कवीने टाळी वाजवली. मला बरे वाटले. आपणही या घराशी कुठल्यातरी दाराने जोडलेलो आहोत असे वाटले. यजमानीणबाईंनी माझा पेला भरला आणि सहज विचारले, “आणि त्या गोष्टीत तुझे घर कुठे होते?”

मला गोलमाल उत्तर देता आले असते. इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात, सत्यनारायणाला, दिवाळीच्या फराळाला हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही, कारण आडनाव ऐकताच ज्याला त्याला उत्तर मिळालेले असते. ‘कृष्णवर्णीय’ हा या लेखात मी इतक्या वेळा वापरलेला सभ्य शब्दही त्या फराळाच्या ताटावर कोणाच्या तोंडी नसतो. तिथे दुसरे शब्द असतात, आणि ते ऐकून मी अनेकदा गप्प बसले आहे. मी त्या रात्री खरे ते सांगितले: आमची जमीन होती, बाग होती, आणि पँथर ही आमच्या घरात वर्तमानपत्रातली बातमी होती, तीही नापसंतीने वाचलेली. खोलीत कोणी दचकले नाही. छायाचित्रकार बाई फक्त म्हणाल्या, “मग पुढच्या वेळी त्या बागेविषयीच आण.”

म्हणून येत्या शनिवारसाठी मी नाशिकची शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन मिळवली आहे आणि ती गुंडाळायला आईने लाडवांच्या डब्याभोवती लावून पाठवलेले मराठी वर्तमानपत्र जपून ठेवले आहे. अपुरे काम म्हणून बागेवर चार पाने लिहायला बसले. मांडव, काडी, फुटवे, विरळणी, सारे भराभर आले. मग छाटणीची माणसे आली आणि हात थांबला. दर हंगामात पेठ आणि सुरगाण्याकडून आदिवासी मजुरांची टोळी यायची. शेडच्या मागे त्यांच्या चुली पेटायच्या. त्यांतली एक बाई मला करवंदे आणून द्यायची, आणि मी ती ओंजळीत नव्हे तर पाटीवर घ्यायची, कारण तसेच घ्यायचे असते हे कोणी न शिकवता मला माहीत होते. तिचे नाव मला आठवेना. रात्री निफाडला भावाला फोन लावला. तिकडे सकाळ होती, तो बागेतच होता, मागे फवारणीच्या पंपाचा आवाज येत होता.

“अगं ताई, नाव कुठलं?” तो म्हणाला. “आपण त्यांना पेठवालेच म्हणायचो ना.”

पाटीच्या पुढचा कागद अजून कोरा आहे, आणि आज गुरुवार.